शेरा रकाना : जर्मनीला जाण्याआधीचे विदर्भातले आठ दिवस

६ फेब्रुवारीला माझं विमान आहे. जर्मनीत कासेल नावाच्या शहरात एका रुग्णालयात नर्स म्हणून रुजू व्हायचंय. भाषेची परीक्षा, कागदपत्रं, व्हिसा यांत दोन वर्षं गेली. व्हिसा हातात पडला त्या संध्याकाळी बाबा अंगणात गाडी धूत होते. नळ बंद करून म्हणाले, "बेटा, तू एवढ्या दूर चालली. पण आपला मुलुख पायला का तू?"

नव्हता पाहिला. अमरावतीत वाढले, नागपुरात शिकले, तिथेच नोकरी केली. या दोन शहरांमधला दीडशे किलोमीटरचा रस्ता तोंडपाठ होता. बाकीचा विदर्भ मी वॉर्डात वाचलेला, केसपेपरवर, पत्त्याच्या रकान्यात. मानोरा, चामोर्शी, लाखांदूर. गावाचं नाव लिहायचं, वय लिहायचं, बीपी लिहायचं. त्या गावाला जायला किती तास लागतात, पेशंट कुठून कसा आला असेल, हे कधी मनातही आलं नाही. त्याची मला आता लाज वाटत होती.

बाबा सार्वजनिक बांधकाम खात्यातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झाले. आईचं माहेर झाडीपट्टीत, भंडारा जिल्ह्यात. तिघांनी ठरवलं : आठ दिवस, आमची अकरा वर्षांची गाडी, आणि समृद्धी महामार्गावर चढायचं नाही. "त्याच्यावरून गेलो तं गाव कुठून दिसन?" बाबांचं म्हणणं. संक्रांत झाल्यावर, १७ जानेवारीला पहाटे निघालो.

दिवस पहिला : अमरावती – मूर्तिजापूर – अकोला – शेगाव

गाडीत बसल्या बसल्या बाबांनी जुन्या मोजमाप वहीसारखी एक वही काढली. त्यात रकाने आखलेले : दिनांक, ठिकाण, मीटरचं वाचन आणि शेवटी शेरा. नोकरीतली सवय. पहिल्या ओळीत शेरा लिहिला : "थंडी. तिघं."

अमरावती–अकोला रस्त्यावर लोणीपासून मूर्तिजापूरपर्यंतचा पट्टा लागला तसे बाबा सरळ बसले. जून २०२२ मध्ये इथे एका लेनचा ७५ किलोमीटर डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत सलग टाकला गेला आणि त्याची गिनेस बुकात नोंद झाली. माझ्यासाठी ती तेव्हा मोबाईलवरची एक बातमी होती. बाबांसाठी ते रात्रंदिवस चालणारे डंपर होते, गिट्टीचे ढीग होते आणि जूनच्या उन्हात डांबराच्या वाफेपाशी उभी असलेली माणसं होती. मग त्यांनी काळ्या मातीचं गणित सांगितलं. आपली काळी कपाशीची माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. वर कितीही चांगलं डांबर टाका, खाली माती हलली की रस्ता हलणार. म्हणून खाली मुरमाचा जाड थर द्यायचा आणि बाजूला नाली मोकळी ठेवायची, पाणी मुरू द्यायचं नाही. "रस्ता वरून खराब होत नाही बेटा, खालून होते."

मूर्तिजापुरात शकुंतला रेल्वेचे रूळ पाहिले. अडीच फूट रुंदीची ही नॅरोगेज एका बाजूला अचलपूरला, दुसऱ्या बाजूला यवतमाळला जायची. वऱ्हाडातला कापूस बाहेर नेण्यासाठी इंग्रजी कंपनीने घातलेली. आता रुळांच्या मधोमध गवत आहे, त्यात दोन बकऱ्या चरत होत्या. बाबा लहानपणी आजोबांबरोबर तिने गेले होते. खाली वाकून त्यांनी रुळाला हात लावला.

शेगावला दुपारी पोहोचलो. भक्तनिवासात रांगेत उभं राहून खोली मिळाली. मला तिथे सर्वांत जास्त सेवेकरी आवडले. पांढऱ्या कपड्यातला एक वयस्कर माणूस दर्शनबारीतल्या पायऱ्या पुसत होता. लोक पाय देऊन जात होते, तो परत तीच पायरी पुसत होता, कपाळावर आठी नाही. हिंगोलीकडचा शेतकरी, सोंगणी आटोपून काही दिवसांच्या सेवेला आलेला. रुग्णालयात स्वच्छतेवर मी कितीतरी प्रशिक्षणं घेतलीत. ही पायरी त्या सगळ्यांपेक्षा लक्षात राहील.

(कचोरी गरम असतानाच खा. शेगावची कचोरी आटोपशीर असते, आत मुगाच्या डाळीचं तिखट सारण. सोबत तळलेली हिरवी मिरची मागा. घरी न्यायची असेल तर कागदात बांधून घ्या, प्लास्टिकमध्ये ती नरम पडते.)

दिवस दुसरा : शेगाव – खामगाव – मेहकर – लोणार

मेहकरच्या रस्त्यात बाबांनी मला मैलाचे दगड वाचायला शिकवले. दगडाचा माथा पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य मार्ग, नारिंगी असेल तर प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेतला गावरस्ता. इतकी वर्षं ते रंग डोळ्यांसमोरून गेले, त्यांना अर्थ आहे हे माहीत नव्हतं. दुपारपर्यंत आई आणि मी पैज लावून माथे ओळखत होतो.

लोणार सरोवराचा काठ अचानक येतो. शेतं, घरं, एक वळण, आणि जमीन एकदम खाली गेलेली. उल्का आदळून झालेला, बेसॉल्ट खडकातला हा खळगा काठापासून काठापर्यंत सुमारे १.८ किलोमीटर आणि जवळपास दीडशे मीटर खोल आहे. बाबांचा गुडघा दुखतो, त्यामुळे ते आणि आई वरच थांबले. मी एका स्थानिक वाटाड्या मुलाबरोबर उतरले. निघताना बाबा म्हणाले, "खाली जाऊन काय काय हाय ते नीट पाय, अन् मले येऊन सांग."

म्हणून मी सगळं नीट पाहिलं. उतारावर झाडी दाट, साग, कडुनिंब, खाली वेडी बाभूळ. मोर ओरडत होते. जसजसं खाली जावं तसा वारा थांबतो आणि एक उग्र वास येतो, थोडा सडलेल्या अंड्यासारखा, थोडा धुण्याच्या सोड्यासारखा. काठावर पांढुरका थर. जमीन वरून वाळलेली दिसते पण पाय ठेवला की रुततो. माझ्या पर्समध्ये लघवी तपासायच्या पट्ट्यांची एक डबी राहून गेली होती. एक पट्टी पाण्यात बुडवली. आम्लता-क्षारता दाखवणारा चौकोन डोळ्यांदेखत गडद निळा झाला, डबीवरच्या शेवटच्या रंगाच्याही पुढे. पाण्याचा सामू (पीएच) दहाच्या आसपास असतो हे वाचलं होतं. पण माणसाच्या शरीरासाठी बनवलेली मोजपट्टी तिथे संपली, तेव्हा ते पाणी किती वेगळं आहे ते मला कळलं. जून २०२० मध्ये हे पाणी गुलाबी झालं होतं. पाणी आटून खारटपणा वाढला आणि त्यात तगणारे सूक्ष्मजीव वाढले, हे त्याचं कारण. आमचा वाटाड्या तेव्हा आठवीत होता. "ताई, लॉकडाऊन होतं, बाहेरचं कोणी नव्हतं. आमी गावातलेच पायलो," तो म्हणाला.

कमळजादेवीच्या देवळात पाया पडून वर यायला तास लागला. बाबा काठावरच्या कठड्यावर बसून होते. मी अर्धा तास सांगत राहिले. त्यांनी दोनच प्रश्न विचारले : उतार किती, आणि दगड कोणता. शेऱ्यात लिहिलं : "बेटा खाली. मी वर. सगळं पाहिलं."

संध्याकाळी गावातलं दैत्यसूदनाचं देऊळ पाहिलं. भिंतीवरचं कोरीवकाम मावळतीच्या तिरप्या उन्हात बघा, दुपारी ते सपाट दिसतं.

(लोणारला उतरायचं तर सकाळी लवकर. बूट घाला, माणशी दोन बाटल्या पाणी घ्या, काठच्या चिखलात जाऊ नका. वाटाड्या घेतला तर देवळांच्या वाटा चुकत नाहीत.)

दिवस तिसरा : लोणार – वाशिम – मंगरूळपीर – यवतमाळ

मानोरा ओलांडून दारव्ह्याकडे जाताना मागचं चाक बसलं. जादा चाक लावायला काढलं तर त्यातही हवा नाही. निघताना ते तपासायचं मी कबूल केलं होतं आणि विसरले. दुपारचे साडेबारा, दोन्ही बाजूंना तुरीची वावरं, सावली एका बाभळीची.

पंधरा मिनिटांत एक फटफटी थांबली. जवळच्या तांड्यावरचे दोघे भाऊ. एकाने काही न विचारता चाक मांडीवर घेतलं आणि दुसऱ्याच्या मागे बसून दारव्ह्याला गेला. त्यांच्या आईने आम्हाला रस्त्यावर बसू दिलं नाही. तिला मुलं "याडी" म्हणत होती, गोरमाटीत, म्हणजे बंजाऱ्यांच्या बोलीत, आई म्हणजे याडी. घराच्या ओट्यावर बसवून तिने ज्वारीची भाकरी, ओल्या तुरीच्या दाण्यांची झणझणीत भाजी आणि कांदा वाढला. हे दाणे म्हणजे सोले. जानेवारीत शेंगा भरतात तेव्हाच काही दिवस ते मिळतात. आधी लोखंडी तव्यावर भाजायचे, मग अर्धे ठेचायचे, त्यानं रस्सा दाट होतो. आईने तिच्याकडून कृती नीट विचारून घेतली. मी कुठे चालले ते कळल्यावर याडी म्हणाली, पोहरादेवी इथून जवळ आहे, सेवालाल महाराजांना सांगून जा. म्हणून चाक आल्यावर आम्ही मागे फिरून पोहरादेवीला जाऊन आलो. बंजारा समाजाचं ते मोठं तीर्थ. मोकळं पटांगण, वाऱ्यावर फडकणारे पांढरे झेंडे, आणि दुपारची शांतता.

भावांनी पंक्चरचे तेवढे पैसे घेतले, पेट्रोलचे घेतले नाहीत. घरून निघताना याडीने आईला हळदीकुंकू लावलं आणि वाण म्हणून चहाची गाळणी दिली.

"मानोरा" मी किती केसपेपरांवर लिहिलंय. आता ते लिहिताना मला ओटा आणि भाजलेल्या सोल्यांचा वास आठवेल.

रात्री यवतमाळला आत्याकडे. अंगणात कापसाच्या शेवटच्या वेचणीचा ढीग, त्यावर ताडपत्री. या वेचणीचा कापूस आखूड आणि कचऱ्याचा, भाव कमी. आत्या रात्री टीव्ही पाहता पाहताही त्यातला पाचोळा वेचत होती. तिच्या बोटांना बोंडाच्या टोकांनी पडलेल्या चिरा होत्या. मी मलम लावून दिलं. ती म्हणाली, "राहू दे माय, उद्या परत होतेच." शेऱ्यात : "चाक. चांगली माणसं."

दिवस चौथा : यवतमाळ – कळंब – सेवाग्राम – वरोरा

कळंबला चिंतामणीच्या दर्शनाला पायऱ्या उतरून जावं लागतं, गाभारा जमिनीच्या पातळीखाली आहे. तिथून पुढे वर्धा नदी. पुलावर बाबांनी गाडी हळू केली. "इथं वऱ्हाड संपते." पलीकडचा भाग इंग्रजांच्या काळी मध्य प्रांतात होता. नदीपलीकडे बोलणं हळूहळू बदलतं, शब्दांमागे "जी" यायला लागतो. मागच्या सीटवरून आई म्हणाली, "आता माझ्याकडची भाषा येईल."

सेवाग्रामला आम्ही तीन तास होतो. गांधीजी १९३६ मध्ये इथे राहायला आले तेव्हा गावाचं नाव शेगाव होतं. आपल्या गजानन महाराजांच्या शेगावशी टपालाचा घोळ व्हायचा, म्हणून पुढे सेवाग्राम झालं. आदी निवास, बा कुटी, बापू कुटी सगळे पाहतात. माती, बांबू, कवेलू, जमिनीवर चटई. माझे पाय परचुरे कुटीपाशी थांबले. परचुरे शास्त्री संस्कृतचे पंडित, कुष्ठरोगी. त्या काळी कुष्ठरोग्याला गावाबाहेर काढत. गांधीजींनी त्यांना आश्रमात ठेवून घेतलं आणि स्वतः त्यांची मालीश करायचे. कुटी अगदी लहान आहे. दारात उभं राहून मी आत पाहिलं आणि मोजलं : इथे रुग्णाची खाट, तिथे भांडं, आणि शुश्रूषा करणाऱ्याला वाकून बसायला इतकीच जागा. दहा वर्षं मी हेच काम करते आहे. कोणाच्या पाठीला तेल लावणं, कूस बदलून देणं, जखम धुणं. घरच्या समारंभात "नर्स आहे" म्हटलं की समोरचा पुढचा प्रश्न विचारत नाही, हे मला नेहमी लागायचं. त्या दारात ते लागणं कमी झालं.

बाहेर येऊन मी काही बोलले नाही. आईने गोरसपाकाचा पुडा फोडला. वर्ध्याच्या गोरस भांडारातली ही भरभरीत तुपाळ बिस्किटं. दोन पुडे मी कासेलसाठी वेगळे ठेवले.

पवनारला धाम नदीच्या काठी विनोबांचा आश्रम पाहून वरोऱ्याला आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी आनंदवन. बाबा आमट्यांनी १९४९ मध्ये काही कुष्ठरोगी सोबत घेऊन खडकाळ जमिनीवर हे सुरू केलं. आज तिथे शेती आहे, हातमाग आहेत, शाळा आहेत. बोटं झडलेल्या हातांनी एक आजोबा धोटा सरसर फेकत होते. त्यांच्या मापाने मागाची मूठ बदलून घेतली होती, तिला कापडाचा जाड वेढा. मी त्या मुठीचा फोटो काढायची परवानगी मागितली. ते म्हणाले, "मुठीचा काढ, कापडाचा पण काढ. कापड चांगलं झालंय."

(आनंदवनात आधी फोन करून जा आणि माणसांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. तिथल्या विक्री केंद्रात सतरंज्या आणि चादरी मिळतात.)

दिवस पाचवा : वरोरा – चंद्रपूर – मूल – मार्कंडा – गडचिरोली

चंद्रपुरात गोंड राजांच्या किल्ल्याची भिंत रस्त्याला लागूनच चालते. तिथे थांबलो नाही.

मूलच्या पुढे बाबांनी गाडी थांबवून रस्त्याकडेची गिट्टी उचलून दाखवली. लोणारपासून वर्ध्यापर्यंत काळा बेसॉल्ट होता, इथे दगड करडा-गुलाबी, चमकणारा. लाव्हाचं पांघरूण पश्चिमेकडे राहिलं, खालचा जुना खडक इथे उघडा आहे. कपाशी संपली, धानाच्या बांध्या सुरू झाल्या. काळ्या मातीचा मुलुख संपतो कुठे हे मी पायाखाली पाहिलं.

मार्कंड्याला वैनगंगा उत्तरेकडे वळते. काठावर दगडी देवळं, कोरीव मूर्तींनी भरलेली. सकाळचं धुकं अकरा वाजेपर्यंत पाण्यावर होतं म्हणे, आम्ही दुपारी पोहोचलो तेव्हा पात्र चकाकत होतं आणि वाळूत बायका कपडे धूत होत्या. चामोर्शी इथून जवळच. तिथून आलेली एक बाळंतीण मला आठवली. रात्री नागपूरला पोहोचायला तिला किती वेळ लागला असेल, ते मी या रस्त्यावर पहिल्यांदा मोजलं.

(गडचिरोलीत पेट्रोल भरून घ्या. आतल्या रस्त्यांवर पंप लांब-लांब आहेत, मोबाईलची रेंज जाते-येते.)

दिवस सहावा : गडचिरोली – मेंढा – आरमोरी – वडसा – आजोळ

मेंढा (लेखा) धानोरा रस्त्यावर तीस किलोमीटरवर आहे. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही या गोंड गावाची घोषणा. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक वनहक्क या गावाला मिळाला, देशातल्या अगदी पहिल्या गावांपैकी हे एक. इथे गावाचे निर्णय मतदानाने होत नाहीत, सर्वांचं एकमत होईपर्यंत बोलायचं. एका काकांना मी विचारलं, एखादा ऐकतच नसेल तर? ते म्हणाले, "तर त्याचं ऐकायचं. त्याला काहीतरी दिसत असेल." हे मी लिहून घेतलं.

वडसा ओलांडल्यावर आई खिडकीची काच खाली करून बसली. थंडी होती तरी वर करेना. लाखांदूर तालुक्यातल्या तिच्या गावात त्या रात्री नाटक होतं. झाडीपट्टीत दिवाळीनंतर होळीपर्यंत नाटकांचा हंगाम, वडशात नाटक मंडळींची कार्यालयंच कार्यालयं. गावात नाटक असलं की घरोघरी पाहुणे. आमच्या मामाकडे आम्ही धरून तेवीस माणसं होती. मामी म्हणाली, "या जी या, वेळेवर आलात." संध्याकाळी तांदळाची भाकर, बोडीतल्या, म्हणजे लहान तळ्यातल्या, मासोळीचा रस्सा, वांग्याची भाजी. चुलीवरचा मोठा गंज दोन माणसं धरून उतरवत होती.

नाटक रात्री साडेदहानंतर सुरू झालं. तट्ट्याचा मांडव, पुढे खुर्च्या, बाजूला तणसावर, म्हणजे धानाच्या पेंढ्यावर, ब्लँकेटं अंथरून बायका-मुलं. ऑर्गन आणि ढोलकी थेट वाजत होती. कथानक शेताच्या वाटणीचं, मधे मधे गाणी, विनोद. एक गाणं लोकांनी तीनदा म्हणायला लावलं. नट दमला होता, कपाळावरचा रंग घामाने ओघळत होता, तरी तिसऱ्यांदाही त्याने पहिल्या ताकदीने सूर लावला. माझ्या शेजारच्या आजी झोपल्या नाहीत, एकही संवाद सोडला नाही.

रात्री तीनच्या सुमारास आई माझ्या कानाशी लागली. "असंच नाटक होतं. तुझ्या बाबांचं आरमोरीकडे रस्त्याचं काम चालू होतं. सरपंचांनी साहेबांना नाटकाला बोलावलं. मी इथंच बसली होती, तणसावर. ते तिथं खुर्चीवर. सकाळी चहाला आमच्या घरी आले, अन् आठवड्यानं मागणं आलं." एकोणतीस वर्षांत हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मला वाटायचं मध्यस्थामार्फत जमलं. मी वळून पाहिलं. बाबा खुर्चीवर होते, मफलर गुंडाळून, नाटक पाहत नव्हते. तणसाकडे पाहत होते.

पहाटे पाचला पडदा पडला. शेरा सकाळी वाचला : "नाटक. जागा तीच."

(नाटकाला जाणार असाल तर जाड ब्लँकेट, कानटोपी घ्या. तिकीट संध्याकाळीच काढा. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी चालवायचा बेत ठेवू नका.)

दिवस सातवा : आजोळ

दुपारपर्यंत सगळं गाव झोपलं होतं.

चार वाजता मी बाबा आणि मामांबरोबर गावतळ्यावर गेले. हे मालगुजारी तलाव. कोहळी समाजाच्या लोकांनी शेकडो वर्षांपूर्वी या भागात असे तलाव बांधले, मोठमोठे. नवेगाव बांध त्यातलाच. १९५०च्या सुमारास मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, गेली, तलाव सरकारकडे आले, नाव पडलं माजी मालगुजारी तलाव, लोक म्हणतात मामा तलाव. बाबा पाळीवर उकिडवे बसले. सांडवा कुठे, पाटचारी कुठल्या अंगाला, पाणी आपोआप कोणत्या बांधीत जातं, हे ते मला दाखवत होते. मग म्हणाले, "आमच्याजवळ लेव्हल मशीन होती, नकाशे होते. ह्यांनी पाणी वाहते कसं ते पावसात उभं राहून पायलं, अन् बांधलं." नोकरीतल्या कोणत्याही पुलाबद्दल ते इतक्या आदराने बोललेले मला आठवत नाहीत.

निघायच्या तयारीत मामीने पोत्यातून पाच किलो तांदूळ काढला, घरच्या बांधीतला. माझं सामान तेवीस किलोचं आहे म्हटल्यावर तिने तो परत ओतला, एक किलो मोजला, कापडी पिशवीत शिवला आणि पिशवीवर टाक्याने माझं नाव घातलं.

दिवस आठवा : भंडारा – नागपूर – काटोल – वरुड – मोर्शी – अमरावती

सर्वांत लांबचा दिवस. नागपूर बाहेरूनच ओलांडलं.

वरुडच्या पुढे बाबांच्या जुन्या मित्राची संत्र्याची बाग. काका पासष्टीचे, धोतर-टोपी. बाग पाहून मी घाबरलेच. झाडांची पानं माना टाकून लोंबत होती, काही पिवळी, खाली पानगळ. मी विचारलं, रोग आला का? काका हसले. "ताण देला हाय." आंबिया बहारासाठी डिसेंबरात पाणी तोडतात. झाड महिनाभर तहानेलं राहतं, वाढ थांबवतं, सगळी ताकद आत जमवतं. जानेवारीच्या शेवटी शेवटी हलकं पाणी देतात, ती आंबवणी. मग दुसरं पाणी, चिंबवणी. त्यानंतर झाड फुलतं. ताण कमी पडला तर नुसती पालवी येते, फुलं नाहीत. जास्त झाला तर फांद्या वाळतात. किती द्यायचा? जमीन पाहून. भारी जमिनीत जास्त दिवस, हलक्या जमिनीत कमी. "पुस्तक काई सांगो, रोज सकाळी पानाले हात लावून पाहा लागते," काका म्हणाले. एक पान त्यांनी माझ्या बोटांत दिलं. दुपारच्या उन्हात ते कातड्यासारखं मऊ लागलं. "सकाळीही असंच लागलं का पाणी द्याचं. उद्या-परवा सोडतो."

बुंध्यांना बोर्डो पेस्ट लावून कमरेपर्यंत निळसर पांढरे केलेले. डिंक्या रोग लागू नये म्हणून. त्या ओळींमधून आम्ही संध्याकाळपर्यंत फिरलो. जुन्या बहराची शेवटची काही संत्री एका झाडावर राहिली होती, ती काकांनी तोडून दिली. साल सैल झालेली, आत साखर.

घरी पोहोचलो तेव्हा रात्रीचे नऊ. आईने वाणं काढून ओळीने मांडली : एक गाळणी, तीन डब्या, दोन चमचे, एक कंगवा, आत्याने दिलेली हळदीची पुडी. बाबांनी गाडीच्या दिव्याच्या उजेडात मीटर वाचलं, स्वयंपाकघरात येऊन रेघ मारली आणि बेरीज केली. १,३८४ किलोमीटर. मेळघाट राहिला, सिंदखेडराजा राहिलं, भामरागड राहिलं. ते त्यांनी वहीच्या मागच्या पानावर लिहिलं.

मग बेरजेच्या खाली नवी ओळ सुरू केली. दिनांक ६ फेब्रुवारी. मला विचारलं, "कासेल कसं लिहितात?" मी सांगितलं. त्यांनी ठिकाणाच्या रकान्यात ते स्वच्छ अक्षरात लिहिलं. मीटरचा रकाना रिकामा सोडला. शेऱ्यावर पेन टेकवून थांबले.

"तिकडे रस्त्याच्या कडेला मैलाचे दगड असतात का गं?"

"माहीत नाही बाबा."

"माथ्याचा रंग पाय. अन् सांग."

पेनाला टोपण लावून त्यांनी वही माझ्या बॅगेजवळ, तांदळाच्या पिशवीवर ठेवली.